या घरी पंचनाम्याला कोणी जात नाही



गारपीट झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही कृषी खात्याची माणसे बांधावर हजर होतो. (या पदांची नावे सरकारने अलीकडे बदलली, पण गावाच्या तोंडी अजून जुनीच आहेत.) किती गुंठे गेले, किती टक्के नुकसान झाले, पंच कोण, सही कोणाची, सगळे कागदावर येते. मदत उशिरा येते, अपुरी येते, ही आपली तक्रार खरीच आहे. पण निदान कोणीतरी दाराशी येऊन ‘काय झालं’ म्हणून विचारते तरी!

एक नुकसान मात्र असे आहे की त्या घरी पंचनाम्याला कोणी जात नाही. पोटातल्या बाळाला असा आजार आहे की ते जगणार नाही, जन्मले तरी काही तास वा काही दिवसांचेच सोबती असेल, असे ज्या घराला कळते त्या घराविषयी मी आज लिहिणार आहे. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मला एका शेतकऱ्यानेच दिले आहे.

खरिपाच्या तोंडावर खेड तालुक्याच्या पश्चिम भागात भाताच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेत होतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे टाकायचे, तरंगणारे पोचट दाणे काढून फेकायचे. नेहमीचेच काम. मी ‘पोचट दाणे फेकून द्या’ म्हणालो आणि पुढे बसलेले एक काका उठून बाहेर गेले. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, “साहेब, दाणा फेकता येतो हो. माझ्या लेकीच्या पोटातल्या लेकराचं डोकंच भरलं नाही म्हणतात. तिला मी काय सांगू?”

त्यांची लेक काळेवाडीत भाड्याच्या खोलीत राहते. जावई चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच झाला नसल्याचे दिसले. एका डॉक्टरांनी दोन इंग्रजी शब्द सांगितले, चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नवरा-बायको रिक्षात बसून घरी आले. त्यानंतरचे बारा दिवस घरात फक्त वाद झाले. सासू म्हणाली, ग्रहणात हिने विळी हातात धरली. एक नातलग म्हणाला, देवऋषीला दाखवा. शेजारच्याने सांगितले, वीस आठवडे उलटले, आता कायद्याने काहीच करता येत नाही. यातले एकही वाक्य खरे नव्हते. पण खरे सांगणारा माणूस बारा दिवस त्या दारी पोहोचला नाही.

पुढे पुण्याला कामानिमित्त गेलो तेव्हा काकांबरोबर मी काळेवाडीलाही जाऊन आलो. ती आता नावापुरतीच वाडी उरली आहे. पवनेच्या काठची शेते जाऊन तिथे दाटीने इमारती उभ्या राहिल्या. सातारा, सोलापूर, बीड, लातूर, खानदेश, विदर्भ, सगळीकडची माणसे एका जिन्यावर भेटतात. पाळीप्रमाणे कंपनीच्या बसेस येतात, माणसे उतरतात, झोपतात, पुन्हा जातात. गावाकडे भावकी बोलून जीव नकोसा करते, इथे बोलायलाच कोणी नसते. त्या ताई म्हणाल्या, “साहेब, मला सल्ला देणारे लई भेटले. ऐकणारं एकच माणूस भेटलं.” ते माणूस म्हणजे त्या भागातली आशा कार्यकर्ती. तिने फार मोठे काही केले नाही. ती घरी आली, चहा घेतला, सोनोग्राफीचा कागद वाचला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या सोबत रुग्णालयात गेली. तिथल्या एका वडीलधाऱ्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास मराठीत समजावून सांगितले. घरातला वाद त्या दिवशी थांबला.

पुढे त्या ताईंनी काय ठरवले, ते मी लिहिणार नाही. तो त्यांचा प्रश्न आहे. अशा घराला नेमकी कोणती मदत लागते आणि ती कोठे मिळते, एवढेच मी सांगणार आहे.

आधी दोष कोणता, ते नीट कळू द्या

‘बाळात दोष आहे’ एवढ्या तीन शब्दांवर कोणताही निर्णय घेऊ नका. दोषादोषांत फार फरक असतो. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाला छिद्र यांपैकी बऱ्याच गोष्टींवर आज चांगले उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत आहेत. पण काही दोष असे असतात की आजचे वैद्यकशास्त्र तिथे हात टेकते. कवटी व मेंदू न बनणे, दोन्ही मूत्रपिंडे नसणे, गुणसूत्रांचे काही गंभीर बिघाड ही त्यातली उदाहरणे. आपल्या बाळाचा दोष कोणत्या गटातला, हे तज्ज्ञ डॉक्टरांकडून लेखी घ्या, मराठीत समजावून घ्या, आणि समजले नाही तर पुन्हा विचारा. विचारायला लाजू नका. खताचा डोस आपण तीनदा विचारतो की नाही?

अठराव्या ते विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी टाळू नका. काही ठिकाणी असा गैरसमज आहे की गर्भलिंग निदान बंदीमुळे डॉक्टर बाळाविषयी काहीच सांगू शकत नाहीत. १९९४ च्या त्या कायद्याने मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे. बाळात दोष आहे का, हे सांगायला बंदी नाही. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तो दिवस लक्षात ठेवा.

कायदा आता काय म्हणतो

शेजाऱ्याने सांगितलेला ‘वीस आठवड्यांचा’ कायदा १९७१ सालचा. तो बदलायला आपल्याच राज्यातल्या बायकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २००८ साली मुंबईतल्या एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. बाळाच्या हृदयात गंभीर दोष होता आणि चोविसावा आठवडा उलटला होता. न्यायालयाने ऑगस्टमध्ये परवानगी नाकारली. त्यानंतर काही दिवसांतच त्या बाईंचा गर्भपात आपोआप झाला. त्या वेळी देशभर मोठी चर्चा झाली. पण घरातल्या चार भिंतींत त्या दोघांनी काय सोसले असेल, याचा विचार किती जणांनी केला?

जानेवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका तरुण स्त्रीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तिच्या बाळाचीही कवटी तयार झाली नव्हती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाने तपासून अहवाल दिला आणि चोविसाव्या आठवड्यात न्यायालयाने परवानगी दिली. पोटात असे बाळ घेऊन दिल्लीच्या तारखेची वाट पाहायची, हा काय न्याय झाला?

अखेर २०२१ मध्ये कायदा बदलला. आता ठराविक कारणांसाठी, ज्यात बाळाचा गंभीर दोषही येतो, दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढेही, दोष मोठा असल्याचे सरकारी वैद्यकीय मंडळाने सांगितले तर आठवड्यांची मर्यादा उरत नाही. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचे असते. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात असे मंडळ आहे. संमती लागते ती फक्त त्या सज्ञान स्त्रीची, नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे हेही कायद्यानेच बंधनकारक आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेहतिसाव्या आठवड्याच्या सुमारास असलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात मंडळाचे प्रतिकूल मत बाजूला ठेवले आणि हा निर्णय त्या स्त्रीचाच आहे, असे स्पष्ट केले.

मात्र याचा अर्थ नीट घ्या. कायद्याने वाट मोकळी केली म्हणजे त्या वाटेने गेलेच पाहिजे, असे नाही. ‘अशा पोटाचा काय उपयोग, मोकळी हो’ असे म्हणणारा आणि ‘पाप लागेल, ठेवच’ असे म्हणणारा, दोघेही त्या बाईच्या जागी स्वतःला बसवतात. ती जागा दुसऱ्या कोणाची नाही.

दोन्ही वाटांवर सोबत हवी

काही आयांना बाळ पोटात असेपर्यंत वाढवायचे असते. जन्मल्यावर मिळेल तेवढा वेळ त्याला जवळ घ्यायचे असते. तेही तितकेच रास्त आहे. अशा वेळी ‘आता उपचार नाहीत, घरी जा’ हे उत्तर अपुरे आहे. आजार बरा होत नसला तरी वेदना कमी करता येतात. याला परिहार सेवा म्हणतात. केंद्र सरकारने २०१२ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र मोफत काम करीत आहे. त्यांचे काम मुख्यतः कर्करुग्णांसाठी सुरू झाले, पण अशा सेवेची माहिती विचारायला ती एक चांगली जागा आहे.

बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बसून ठरवा. बाळ जन्मल्यावर यंत्राला जोडायचे की आईच्या छातीशी द्यायचे? ऊब, दुधाचे चार थेंब, वेदना होत असल्यास औषध, एवढेच करायचे का? खोलीत कोण असेल? ठरले ते केसपेपरवर लिहून घ्या. रात्रपाळीला वेगळे डॉक्टर असतात, तोंडी ठरलेले त्यांना ठाऊक नसते. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, जेवण आणि नेणे-आणणे मोफत आहे, आजारी नवजात बाळालाही ते लागू आहे. काळेवाडीच्या माणसाला थेरगावचे पालिकेचे रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ पडते.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. बाळ गेले तरी दोन-तीन दिवसांनी आईला दूध येते. छाती भरते, दुखते आणि त्या दुधाला पाहून आई कोसळते. हे होणार आहे, असे तिला आधी कोणी सांगितलेलेच नसते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने आणि परिचारिकेने तिला आधी सांगावे, डॉक्टरांकडून उपाय विचारावा. काही आयांना ते दूध दुसऱ्या अशक्त बाळांना द्यावेसे वाटते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशिया खंडातली ती पहिली मानली जाते. आज पुण्यातही अशा पेढ्या आहेत. द्यायचे की नाही, हे मात्र आईने ठरवावे.

आणि आईला बाळ पाहायचे असेल तर पाहू द्या. आपल्याकडे तान्हे बाळ पुरतात. बहुतेक वेळा बापे माणसे गुपचूप उरकून येतात आणि आई दवाखान्यात छताकडे बघत पडलेली असते. ‘तिला त्रास नको’ ही भावना चांगली असते, पण तिला विचारलेले नसते. नाव ठेवायचे असेल तर ठेवू द्या. कोठे पुरले ते सांगा.

गावाने, साहेबांनी आणि ठेकेदाराने काय करावे

ग्रामसेवक बंधूंनो, १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृतजन्माचीही नोंद करायची असते. बाळ तासभर जगले असेल तर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. मुदत एकवीस दिवसांची. ‘जगलंच नाही, आता कशाला नोंद’ असे म्हणून त्या बापाला परत पाठवू नका. त्या घरासाठी ते लेकरू होते याचा तेवढाच एक कागद असतो. शिवाय रजेसाठी आणि इतर कामांसाठी तो लागतो.

अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनी यादीतून नाव कमी करून थांबू नये. बाळ गेले तरी ती बाळंतीण आहे. रक्तस्राव, ताप, छातीचे दुखणे, झोप न लागणे, सगळे तिलाही होते. बाळंतपणानंतरच्या भेटी तिच्या घरीही झाल्याच पाहिजेत. मातृवंदना योजनेत बाळ गेले तर पुढच्या गरोदरपणात पुन्हा लाभ मागता येतो, हे तिला सांगा. मन सावरत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते. २०२२ पासून ही सोय आहे. फोन लावून द्या आणि बाहेर जाऊन बसा.

चाकण-भोसरीच्या ठेकेदारांनाही एक सांगणे आहे. बाई कामावर असेल आणि कायद्याच्या अटींत बसत असेल, तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा तिचा हक्क आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून ‘बाळ’ या शब्दात मृत जन्मलेले बाळही धरले आहे. तेव्हा ‘बाळ नाही तर बाळंतपणाची रजा नाही’ हे म्हणणे चुकीचे आहे. ई.एस.आय.चा नंबर असलेल्या कामगाराच्या बायकोलाही उपचार मिळतात, मग तो कंत्राटी असला तरी. बापाला मात्र खासगी कंपनीत रजेचा कायदा नाही. त्या जावयाला तीन दिवस खाडा पडला म्हणून गेटवर थांबवले होते. चार दिवस एका माणसाला मोकळे सोडले तर लाईन बंद पडत नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक असते.

आणि ग्रहणाचे काय?

विळी धरल्याने, भाजी चिरल्याने, पपई खाल्ल्याने किंवा कोणाची नजर लागल्याने बाळाची कवटी बिघडत नाही. कवटी आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच तयार होतो. तेव्हा बहुतेक बाईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. त्या काळात फॉलिक ॲसिड कमी पडले तर धोका वाढतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत, एकदा असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतले तेव्हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून लग्न झालेल्या लेकी-सुनांनी मूल हवे असेल तेव्हा आधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. आरोग्य केंद्रात विचारा. आधी असे बाळ झालेल्या बाईने मात्र मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. पालक, मेथी, हरभरा ताटात असावेतच, पण भाजीवर भागवून गोळी टाळू नये. नात्यात लग्न झाले असेल किंवा असे दुसऱ्यांदा घडले असेल तर पुढच्या खेपेआधी आनुवंशिकता तज्ज्ञाचा सल्ला घ्या. आणि हेही ध्यानात ठेवा की सगळे नीट केले तरी काही बाळांत दोष राहतोच. त्यात कोणाचा गुन्हा नसतो. सुनेचा तर नाहीच नाही.

शेवटी एक विनंती. अशा घरी गेलात तर ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ असे म्हणू नका. पाऊस ओढ देतो तेव्हा दुबार पेरणीचा सल्ला आम्हीच देतो. शेताला तो चालतो. बाळाला दुबार पेरणी नसते. दुसरे होईल तेव्हा ते दुसरेच असेल, हे गेलेले ते नव्हे.

काकांनी मला विचारले होते, तिला काय सांगू? मी तेव्हा गप्प राहिलो. आज सांगतो. काका, काही सांगू नका. भाकरी बांधून घ्या, एस.टी.त बसा, काळेवाडीला जा आणि तिच्याजवळ बसा. तिने रुग्णालयात जायचे म्हटले तर पिशवी उचला आणि सोबत चला. नुकसान भरून देता येत नाही तेव्हा निदान पंचांनी हजर तरी राहावे.